हॉल्टिंग प्रॉब्लेम माझ्या लॅपटॉपवर सुटलाय, कुठे चुकतोय ते दाखवा

स्कॅनसायकल
मंडळी नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आधी ओळख सांगतो म्हणजे पुढे कुणी "तुमचं शिक्षण काय" विचारायला नको. डिप्लोमा इलेक्ट्रिकल, चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, पीएलसी (मशीन चालवणारा कारखान्यातला छोटा कॉम्प्युटर) आणि पॅनेल हे रोजचं काम. लॉकडाऊनमध्ये घरी बसून पायथन शिकलो. मागच्या महिन्यात भाचा परीक्षेचा अभ्यास करत होता तेव्हा त्याच्या वहीत वाचलं की कुठलाही प्रोग्राम दिला तर तो कधीतरी थांबेल की कायम चालतच राहील हे दरवेळी बरोबर सांगणारा प्रोग्राम लिहिताच येत नाही, यालाच हॉल्टिंग प्रॉब्लेम म्हणतात, आणि हे म्हणे ॲलन ट्यूरिंग नावाच्या गणितज्ञाने १९३६ सालीच सिद्ध केलंय.

मला काही हे पटेना. आमच्या पीएलसीमध्ये वॉचडॉग असतो, स्कॅन म्हणजे प्रोग्रामची एक फेरी ठरलेल्या वेळेत पूर्ण झाली नाही की सीपीयू सरळ स्टॉपला जातो आणि लाल दिवा लागतो. म्हणजे मशीन रोज ठरवतंयच की कोण अडकलंय. मग येत नाही कसं?

म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला, नाव ठेवलंय ज्योतिषी. त्याला दुसरा प्रोग्राम द्यायचा, तो त्याला आपल्या पोटात एकेक स्टेप चालवून बघतो म्हणजे सिम्युलेट करतो. संपला तर उत्तर "थांबतो". सगळी मेमरी जशीच्या तशी परत आली तर गोल फिरतोय, उत्तर "थांबत नाही". आणि आतल्या प्रोग्रामने स्वतःबद्दलच ज्योतिष्याला विचारलं तर तोही गोलच, उत्तर "थांबत नाही".

आता पुस्तकातली ती प्रसिद्ध गोची, तीही टाकून बघितली.

उलटा:
जर ज्योतिषी(उलटा) म्हणाला "थांबतो", तर कायम फिरत राहा
नाहीतर संपव

पुस्तक म्हणतं इथे ज्योतिषी फसतो. माझा नाही फसला! त्याने उलटा चालवायला घेतला, उलट्याने पहिल्याच ओळीत ज्योतिष्याला बोलावलं, त्याने परत उलटा चालवायला घेतला, त्याने परत ज्योतिषी... हे संपणारच नाही हे ओळखून ज्योतिष्याने सांगितलं "थांबत नाही". आणि ते बरोबरच आहे, कारण सिम्युलेशनमधला उलटा दुसऱ्या ओळीपर्यंत पोचूच शकत नाही. लॉग आहे माझ्याकडे.

तर चूक कुठे आहे ते दाखवा, नाहीतर मान्य करा.

बाराभानगडी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा थांबेल का ते ज्योतिष्याला विचारून ठेवा :)

खिडकीतली_सीट
दादा एक साधा प्रश्न. ज्योतिषी म्हणाला थांबत नाही, ठीक. मग तो उलटा तुम्ही नुसता, सरळ कमांड लाईनवरून चालवून बघितला का? काय झालं?

स्कॅनसायकल
बघितला ना. संपला लगेच. पण ते साहजिक आहे, तिथे त्याला ज्योतिष्याचं उत्तर मिळालं "थांबत नाही", मग तो "नाहीतर" मध्ये गेला आणि संपला. तो वेगळा उलटा झाला, ज्योतिष्याच्या आतला उलटा वेगळा. मी आतल्याबद्दल बोलतोय.

खिडकीतली_सीट
अहो मग संपलं की!! तुमचा ज्योतिषी म्हणतो थांबत नाही आणि तो तुमच्याच डोळ्यांसमोर थांबला, आणखी काय चूक दाखवायची.

निवृत्त_मास्तर
स्कॅनसायकल, तुमची चिकाटी आवडली, शाळेत असता तर पहिल्या बाकावर बसवलं असतं आणि दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर काढलं असतं.

तुमचा मुद्दा मी असा समजतोय. तुम्ही कीर्तनाला गेलात. बुवांचा पूर्वरंग चालू आहे, निरूपण लांबलंय, एकाच अभंगाभोवती फिरतायत असं तुम्हाला वाटलं, तुम्ही उठून घरी आलात आणि वहिनींना सांगितलंत की या बुवांनी आख्यान लावलंच नाही. मी देवळात शेवटपर्यंत बसलो होतो, आख्यान झालं, आरती झाली, प्रसादही घेतला. तुम्ही म्हणता "मी ऐकलेल्या कीर्तनात आख्यान नव्हतं". ते खरंच आहे. पण कीर्तन दोन नव्हती. एकच होतं, तुम्ही मधून उठलात.

आतला उलटा दुसऱ्या ओळीवर पोचत नाही कारण ज्योतिष्याने त्याला पोचू दिलं नाही. सिम्युलेशन सोडून देणं ही ज्योतिष्याची कृती आहे, ती उलट्याच्या नावावर मांडता येणार नाही.

बाराभानगडी
मास्तर __/\__

स्कॅनसायकल
मास्तर उदाहरण झकास आहे पण लागू होत नाही. बुवा कधीतरी आख्यानाला येतात हे आपल्याला माहीत असतं. इथे ज्योतिषी जर उठला नसता तर आत आत आत जातच राहिला असता ना? मग उठला ते बरोबरच केलं. तुम्ही सांगा, न उठता बसला असता तर उलटा कधी संपला असता?

सेमीकोलन
हा प्रश्न खरंच चांगला आहे, त्याला उडवून लावू नका कुणी. (मी एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स, दुसरं वर्ष. कॉम्प्युटेबिलिटीचा पेपर नुकताच दिलाय त्यामुळे ताजं आहे, नंतर विसरेन.)

काका, तुम्ही "ज्योतिषी उठला नसता तर" म्हणताना हळूच प्रोग्राम बदलताय. उलट्याच्या पोटात ज्योतिषी आहे. तो कधीच न उठणारा ज्योतिषी असेल तर तो उलटा ही वेगळी फाईल झाली, आणि हो, ती फाईल कधीच थांबणार नाही. पण तुम्ही ज्योतिष्याच्या हातात दिलेली फाईल ती नाहीये, त्या फाईलमधला ज्योतिषी उठणारा आहे. म्हणजे बघा, आतला ज्योतिषीसुद्धा बाहेरच्यासारखाच आहे, त्याला थोडा वेळ दिला असता तर तोही "गोल फिरतोय" म्हणून उठला असता, "थांबत नाही" म्हणाला असता आणि आतला उलटा सुखाने संपला असता. बाहेरचा त्याच्या एक पाऊल आधी उठला एवढंच.

करून बघायला सोपं आहे. एक मुका सिम्युलेटर लिहा. तो नुसता स्टेप चालवतो, काही ओळखत नाही, मधे उठत नाही, मत देत नाही. त्याच्या पोटात तुमची उलट्याची फाईल द्या, एक अक्षर न बदलता, आणि स्टेप मोजा.

कोरडवाहू
मला या वादाचं नेहमी हसू येतं. हे सगळं अनंत टेपवाल्या काल्पनिक मशीनबद्दल आहे. खऱ्या लॅपटॉपची मेमरी मोजकी, म्हणजे स्टेट (सगळ्या मेमरीची त्या क्षणाची स्थिती) मोजक्या, म्हणजे बाहेरून काही इनपुट येत नसेल तर एकतर थांबणार नाहीतर कधीतरी जुनी स्टेट परत येणार. धागाकर्त्याचा स्टेट रिपीटवाला चेक पुरेसा आहे. प्रॉब्लेम सुटलेलाच आहे, गणितवाल्यांनी उगाच बाऊ केलाय.

खिडकीतली_सीट
कोरडवाहू, तत्त्वतः बरोबर, आता हिशोब करा. ८ जीबी रॅम म्हणजे सुमारे ६,८७२ कोटी बिट. स्टेट किती, तर दोनाचा तितकावा घात. तो आकडा नुसता लिहून काढायचा म्हटला तरी दोन हजार कोटींपेक्षा जास्त अंक लागतात. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या साधारण ८० आकडी धरतात. बसा मोजत स्टेट कधी रिपीट होते ते.

शिवाय ८ जीबीवाल्याची स्टेट परत आली का हे बघायला बाहेरच्याकडे ८ जीबीपेक्षा जास्त मेमरी पाहिजे, एक चालू कॉपी आणि एक आठवणीतली. फ्लॉइडचा ससा-कासव अल्गोरिदम (एक कॉपी हळू, एक दुप्पट वेगाने चालवून फेरा पकडायचा) लावला तरी दोन कॉप्या लागतातच. म्हणजे ८ जीबीवाला ८ जीबीवाल्याचं भविष्य सांगू शकत नाही, त्याला मोठा भाऊ पाहिजे आणि मोठ्या भावाला आणखी मोठा. उलट्याची गोची मेमरी मोजून टळत नाही, फक्त एक मजला वर सरकते.

कोरडवाहू
हम्म. दुसरा मुद्दा डोक्यात आला नव्हता. पण "बाऊ केलाय" हे मी मागे घेत नाही.

निवृत्त_मास्तर
स्टेट रिपीटचा विषय निघालाच आहे तर मला राहवत नाही, थोडं अवांतर.

आमच्या देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. त्यांचा ६१७४ बहुतेकांना माहीत असेल. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, आलेल्या संख्येवर परत तेच. ३५२४ घेऊ. ५४३२ मधून २३४५ गेले ३०८७. ८७३० मधून ०३७८ गेले ८३५२. ८५३२ मधून २३५८ गेले ६१७४. आणि मग ७६४१ मधून १४६७ गेले की परत ६१७४, तिथेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्या.

आता "६१७४ आला की थांब" असा प्रोग्राम लिहिला तर तो थांबतो का? थांबतो, आणि ते कळायला कुठलाही ज्योतिषी नको, दहा हजारही संख्या नाहीत, सगळ्या चालवून बघा. हाच खेळ दोन आकड्यांवर खेळा. १७ घ्या. ७१ वजा १७, ५४. मग ०९. ९० वजा ०९, ८१. मग ६३, २७, ४५, आणि ५४ वजा ४५ परत ०९. अडकला. "तीच संख्या लागोपाठ दोनदा आली की थांब" म्हणून बसलात तर जन्मभर बसाल. इथे स्कॅनसायकलचा स्टेट रिपीटवाला चेक चोख काम करतो, ०९ दुसऱ्यांदा दिसला की निकाल लागला. त्यामुळे त्यांची आयडिया टाकाऊ नाही, हे मी नमूद करू इच्छितो.

पण आता कोलाट्झ घ्या. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, १ आला की थांबा. २७ घेऊन पोरांना बसवायचो मी, ऑफ तासाला. १११ पायऱ्या लागतात, मधे ९,२३२ पर्यंत चढतो आणि मग कोसळतो. प्रत्येक संख्या शेवटी १ वर येते का? अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. इथे "गोल फिरतोय" हा एकच धोका नाही, एखादी संख्या कायम वरवरच जात राहिली तर? मग स्टेट कधीच रिपीट होणार नाही आणि ज्योतिषी नुसता बघत बसेल.

सेमीकोलन
+१. आणि त्यासाठी कोलाट्झपर्यंत जायलाही नको, "क मध्ये एक मिळव, परत मिळव, परत मिळव" एवढाच प्रोग्राम घ्या. अनंत मेमरीच्या मशीनवर स्टेट कधीच परत येत नाही आणि तो कधीच थांबत नाही. आपल्याला बघताक्षणी कळतं, सिम्युलेट करणाऱ्याला नाही कळत.

बाराभानगडी
म्हणजे सिम्युलेशनवाला एसटी स्टँडवर बसलेल्या माणसासारखा आहे. गाडी आली तर "आली" असं छातीठोक सांगेल. आली नाही तर कधीपर्यंत बसून "येणारच नाही" म्हणायचं?

सेमीकोलन
अगदी!! पुस्तकात याला सेमी-डिसायडेबल म्हणतात. "हो" सांगता येतं, "नाही" सांगता येत नाही.

फिरस्ती
बाराभानगडींच्या प्रश्नाला एक वेडं उत्तर आहे. स्टँडवरची शेवटची गाडी किती वाजता हे माहीत असेल तर त्यानंतर उठून जाता येतं!

ट्यूरिंग मशीनमध्ये (कोरडवाहूंचं ते अनंत टेपवालं काल्पनिक मशीन) याला बिझी बीव्हर म्हणतात, टिबोर राडोने १९६२ साली काढलेला खेळ. क्ष स्टेटची (इथे स्टेट म्हणजे मशीनच्या नियमांच्या तक्त्यातल्या अवस्था, मेमरी नव्हे), टेपवर ०-१ लिहिणारी सगळी मशीनं घ्या, कोऱ्या टेपवर सोडा, जी थांबतात त्यातलं सगळ्यात उशिरा थांबणारं किती स्टेप घेतं? दोन स्टेटला ६. तीनला २१. चारला १०७. आणि पाचला ४,७१,७६,८७०. झेप बघा. हे पाचवालं मशीन १९८९ साली सापडलं होतं, पण त्याच्यापेक्षा उशिरा थांबणारं दुसरं नाहीच हे सिद्ध व्हायला २०२४ उजाडलं. जगभरातल्या हौशी लोकांनी ऑनलाईन एकत्र येऊन केलं, त्यात अकॅडमिक पदवी नसलेलेही होते, आणि शेवटचं प्रूफ कॉक नावाच्या प्रूफ असिस्टंटमध्ये (सिद्धता तपासणारा प्रोग्राम) तपासून घेतलंय. नियमांचे तक्ते मोजले तर सोळा लाख कोटींच्या वर, त्यातली आरशातली आणि बिनकामाची गाळून सुमारे अठरा कोटी उरली, आणि त्या प्रत्येकाचा निकाल लावला.

त्यामुळे पाच स्टेटचं मशीन कोऱ्या टेपवर चालू केलं आणि ४,७१,७६,८७० स्टेपनंतरही चालू असेल तर बिनधास्त उठा, ते कधीच थांबणार नाही. स्कॅनसायकल, हा तुमचा वॉचडॉग आहे आणि हा कायदेशीर आहे.

स्कॅनसायकल
आता आलात माझ्या बाजूला! मग सहा, सात, आठ स्टेटचे आकडे काढत जायचे, यादी करायची, झालं काम.

फिरस्ती
ती यादीच तर कुठला प्रोग्राम तयार करू शकत नाही. करता आली तर हॉल्टिंग सुटेल, आणि हॉल्टिंग सुटत नाही म्हणून यादीही होत नाही. सहा स्टेटमध्येच गाडी अडकली आहे. तिथे २०२४ मध्ये अँटीहायड्रा नावाचं एक मशीन सापडलं, ते आतून मास्तरांच्या कोलाट्झचाच भाऊबंद आहे. थांबतं का? बहुतेक नाही. सिद्ध करा म्हटलं की सगळे गप्प.

आणि वर गेलात की आणखी मजा. ७४४ स्टेटचं एक मशीन लिहून ठेवलंय जे रिमान हायपोथिसिस (मूळ संख्यांशी जोडलेलं, अजून न सुटलेलं गणिताचं कोडं) खोटं असेल तरच थांबेल. त्याचं उत्तर तुमच्या ज्योतिष्याने दिलं तर चाकण सोडा, दहा लाख डॉलरचं बक्षीस घ्या आणि बसा.

खिडकीतली_सीट
मला तर गोल्डबाखचंच उदाहरण आवडतं, कारण ते चौथीतल्या पोराला कळतं. ४ पासून प्रत्येक सम संख्या घे, ती दोन मूळ संख्यांची बेरीज आहे का बघ, नसेल तर थांब. दहा ओळींचा कोड. १७४२ पासून प्रश्न पडून आहे, चारावर अठरा शून्यांपर्यंत तपासून झालंय, अजून थांबलेला नाही.

स्कॅनसायकल
ठीक आहे, अवघड असतील, मान्य. पण अवघड आणि अशक्य यात फरक आहे. आणि माझ्या मूळ मुद्द्याला कुणी हात लावलेला नाही. मी सेमीकोलन ताईंनी सांगितलं तसं बघायला घेतलं, मुका सिम्युलेटर अजून लिहिला नाही पण जुना लॉग परत काढला. सरळ चालवलेला उलटा, त्याच्या लॉगमध्ये ज्योतिष्याने उत्तर दिलंय. ज्योतिष्याच्या आतला उलटा, त्याच्या लॉगमध्ये ज्योतिषी पहिल्याच स्टेपला बाहेर पडतो, सिम्युलेशन सुरूही करत नाही. फाईल एकच, अक्षर न् अक्षर सारखी, आणि वागणं दोन प्रकारचं. म्हणजे उलटे दोन आहेत हे सिद्ध झालं की नाही?

सेमीकोलन
थांबा थांबा. हे महत्त्वाचं आहे. उलट्याला इनपुट नाही, रँडम काही नाही, घड्याळ बघत नाही. असा प्रोग्राम दोन वेळा दोन प्रकारे वागूच शकत नाही. वागतोय याचा अर्थ कुठून तरी चोरवाटेने त्याला काहीतरी कळतंय. काका, ज्योतिष्याचा तेवढा भाग इथे डकवा ना, जिथे "स्वतःबद्दल विचारलं" हे ओळखता.

स्कॅनसायकल
हा घ्या.

चालू_यादी = रिकामी (सगळ्यात वर, फाईलच्या सुरुवातीला)

ज्योतिषी(प):
जर प चालू_यादीत असेल तर "गोल" म्हणून बाहेर पड
प चालू_यादीत टाक
प एकेक स्टेप चालव...

सेमीकोलन
सापडलं! ती चालू_यादी ग्लोबल आहे. बाहेरचा ज्योतिषी त्यात "उलटा" लिहून ठेवतो आणि आतला ज्योतिषी तीच यादी वाचतो. म्हणजे आतल्याला आधीच कुणीतरी चिठ्ठी पोचवली आहे की बाबा रे तू आत आहेस. म्हणून तो वेगळा वागतो. खऱ्या सिम्युलेशनमध्ये आतल्याला आपण आत आहोत हे कळता कामा नये, त्याची स्वतःची कोरी यादी पाहिजे.

आणि दुसरं, प्रश्न असा होता की फक्त प्रोग्राम बघून उत्तर दे. तुमचा ज्योतिषी प्रोग्राम आणि यादी दोन्ही बघतो. यादी रिकामी असताना एक उत्तर, भरलेली असताना दुसरं, म्हणजे त्या एका नावाखाली दोन वेगळे ज्योतिषी राहतायत. उलटे दोन नाहीत काका.

खिडकीतली_सीट
ग्लोबल व्हेरिएबल!!! नव्वद वर्षांची थिअरी ग्लोबल व्हेरिएबलने पाडायला निघालो होतो आपण.

बाराभानगडी
आमच्याकडे प्रॉडक्शनसुद्धा त्यानेच पडतं, थिअरीचं काय घेऊन बसलात.

निवृत्त_मास्तर
स्कॅनसायकल, मनाला लावून घेऊ नका. गंमत सांगतो. ट्यूरिंगच्या १९३६ च्या पेपरमध्ये आज पुस्तकात असतो तसा "उलटा" नाहीच. "हॉल्टिंग" हा शब्दही नाही, तो नंतर रूढ झाला, मार्टिन डेव्हिसच्या १९५८ च्या पुस्तकात पक्का दिसतो. ट्यूरिंगची चांगली मशीनं ही कायम अंक छापत राहणारी, आणि अडकून पडणारी ती वाईट, त्यांना तो वर्तुळात सापडलेली अशा अर्थाचं नाव देतो.

आणि त्याची सिद्धता तुमच्या खेळाच्या फार जवळची आहे. तो म्हणतो, समजा परीक्षा घेणारं मशीन आहे. त्याला सगळ्यांची नक्कल करणाऱ्या सार्वत्रिक मशीनला जोडा. हे जोडलेलं मशीन एकेक क्रमांक घेतं, मशीन चांगलं आहे का विचारतं, चांगलं असेल तर त्याची नक्कल करून त्याचा एक ठरावीक अंक काढतं. असं करत करत ते स्वतःच्याच क्रमांकावर येतं. आता स्वतःचीच नक्कल करायची, आणि त्या नकलेतही तोच क्रमांक येणार, तो अंक काढायला तोच अंक आधी काढावा लागणार. तिथे ते कायमचं अडकतं. म्हणजे तुम्ही "आत आत आत जातच राहील" म्हणालात ना, ते तेवीस वर्षांच्या त्या पोराने लिहून ठेवलंय. फरक इतकाच की तुम्ही त्या जागी लाल दिवा लावून बाहेर पडलात, त्याने त्या अडकण्यालाच पुरावा केलं.

सेमीकोलन
सर हे आम्हाला वर्गात असं कधीच नाही सांगितलं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

कोरडवाहू
एक विचारू? मग सिम्युलेशन न करता नुसता कोड वाचून, लॉजिक लावून ठरवणारा प्रोग्राम केला तर? सेमीकोलन म्हणाल्या तसं "क मध्ये एक मिळव" आपल्याला बघूनच कळतं.

सेमीकोलन
उलट्याला काही फरक पडत नाही, ज्योतिषी आतून काय करतो हे तो विचारतच नाही. सिम्युलेट करा, वाचा, पत्रिका मांडा, कौल लावा. तो फक्त उत्तर घेतो आणि उलटं वागतो.

खिडकीतली_सीट
आणि "बऱ्याचदा ठरवणारे" प्रोग्राम आहेतच की. आमच्या कामात लिनक्स कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ईबीपीएफ व्हेरिफायर रोज लागतो. तुम्ही दिलेला छोटा प्रोग्राम कर्नलमध्ये घ्यायच्या आधी तो सगळ्या वाटा चालून बघतो. आधी लूपच चालायचा नाही, २०१९ ला ५.३ कर्नलमध्ये मर्यादा दिसणारे लूप चालायला लागले. वाटा तपासता तपासता दहा लाख इन्स्ट्रक्शनची मर्यादा ओलांडली की सरळ नकार. माझा एक बिनचूक प्रोग्राम त्याने परवा तीन वेळा परत पाठवला, आतला लूप १६ वेळाच फिरतो हे मला माहीत, त्याला पटवता येईना. शेवटी लूप उलगडून सोळा वेळा तेच लिहिलं तेव्हा घेतला. शिव्या घातल्या, पण माझ्या प्रोग्रामला तो "थांबत नाही" असं म्हणाला नाही, तो म्हणाला "मला खात्री नाही, चल नीघ".

स्कॅनसायकल, तुमचा पीएलसीचा वॉचडॉगही तेच करतो ना? स्कॅन १५० मिलिसेकंदात झाला नाही की स्टॉप. तो १५१ व्या मिलिसेकंदाला संपला नसता असं कुठे म्हणतो तो?

स्कॅनसायकल
नाही म्हणत. बरोबर. आमच्याकडे कित्येकदा नुसता वॉचडॉगचा टाइम वाढवला की तोच प्रोग्राम सुरळीत चालतो. हे मला धागा काढायच्या आधी आठवायला हवं होतं.

उद्या रविवार आहे, यादी काढून परत चालवतो आणि सांगतो.

बाराभानगडी
मधल्या काळात धागा वर काढतोय.

स्कॅनसायकल
मंडळी रिपोर्ट देतो, सगळा देतो, लपवत नाही.

पहिला प्रयोग. ग्लोबल यादी काढली, बाकी काही बदललं नाही. ज्योतिष्याला उलटा दिला. सकाळी साडेनऊला सुरू केलं, आतून आत जातोय, प्रत्येक मजल्याला मेमरी खातोय, पंखा बोंबलतोय. जेवून आलो तेव्हा रिकर्शनची एरर येऊन पडला होता. मर्यादा वाढवून परत लावला, मग लॅपटॉपच गोठला. उत्तर काही आलं नाही.

दुसरा प्रयोग. यादी न ठेवता बाहेरच्या ज्योतिष्यानेच आतल्यावर लक्ष ठेवायचं, आतल्याने उलट्याबद्दल विचारलेलं दिसलं की उठायचं. आतल्यालाही हेच करायची मुभा, कुणाला चिठ्ठी नाही. उत्तर आलं, "थांबत नाही". मग ताईंचा मुका सिम्युलेटर लिहिला, चाळीस ओळींचा झाला, आणि तीच फाईल त्यात टाकली. २,३१७ स्टेपला उलटा संपला. माझा ज्योतिषी उठला होता १,१०० च्या आसपास. मी तीन वेळा मोजलं. मास्तर, तुमचं आख्यान १,१०० नंतर होतं.

शीर्षक कसं बदलायचं कुणी सांगेल का, मला एडिटचं बटण दिसत नाहीये.

निवृत्त_मास्तर
शीर्षक राहू द्या. तुमच्यासारखे आणखी दहा जण येतील, त्यांना सापडायला हवं.

फिरस्ती
२,३१७ ला दंडवत. स्वतःचं म्हणणं स्वतः मोजून पाडणारा धागाकर्ता दहा वर्षांत पहिल्यांदा बघतोय.

स्कॅनसायकल
आता ज्योतिष्याला तीन दिवे दिलेत, टॉवर लॅम्पसारखे. हिरवा म्हणजे थांबतो, बघितलाय संपताना. लाल म्हणजे सगळी स्टेट परत आली, खात्रीने गोल. बाकी सगळं पिवळा, ठरलेल्या स्टेप झाल्या की पिवळा लावून मोकळा व्हायचं. मास्तरांचा दोन आकडी खेळ टाकला, लाल लागला. ३५२४ टाकला, हिरवा.

उलटा टाकला की पिवळा लागतो. पण ताई एक विचारायचं होतं, पिवळा म्हणजे "थांबतो" नाही, म्हणून उलटा "नाहीतर" मध्ये जातो आणि संपतो. म्हणजे तो थांबतो हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, इथल्या सगळ्यांना माहीत आहे. मग ज्योतिष्याला हिरवा का लावता येऊ नये?

सेमीकोलन
लावला तर त्याच क्षणी उलटा कायम फिरायला लागेल आणि हिरवा खोटा पडेल. आपण त्याच्या बाहेर आहोत म्हणून बोलू शकतो काका, त्याला तेवढंच एक वाक्य बोलायची सोय नाही. हवं तर दुसरा ज्योतिषी करा जो या पहिल्याबद्दल बोलेल, तो बरोबर सांगेल. पण मग कुणीतरी त्याचाही उलटा लिहील.

बाराभानगडी
मी लिहितो.

स्कॅनसायकल
भाच्याने काल गोल्डबाख टाकला. पिवळा लागला. त्याने स्टेप वाढवल्या, परत पिवळा. रात्री मी झोपल्यावर मर्यादाच काढून टाकली कार्ट्याने, आत्ता बघितलं तर लॅपटॉप तापलाय आणि एकही दिवा लागलेला नाही. बंद करू का तसाच ठेवू?